यादीतलं देऊळ आणि यादीबाहेरचं देऊळ



आजचा विषय वरकरणी सहलीचा आहे. कुठली देवळं बघण्याजोगी आहेत आणि कुठली सोडली तरी चालतील, एवढाच प्रश्न. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने यात कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. पण 'बघण्याजोगं' या शब्दातला 'जोगं' बघा. जोगं म्हणजे योग्य. योग्य कुठल्या मापाने? ते माप कुणी ठरवलं? आणि आपण ते कधी तपासून बघितलं का? आज आम्ही या प्रश्नांच्या पलीकडे फारसे जाणार नाही.

विषय सुचला तो जपानच्या निमित्ताने. आपल्या केडगाव-दौंड भागातूनही हल्ली जपानला जाऊन आलेली मंडळी भेटतात. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, कुणी सहल कंपनीबरोबर जातं. जाण्याआधी ते कार्यक्रमपत्रिका दाखवतात. तोक्योत सेन्सोजी, क्योतोत किंकाकुजी, कियोमिझू आणि फुशिमी इनारी, नारात तोदाईजी. आणि विचारतात, "सर, यातलं काय नक्की बघावं? सगळी देवळं शेवटी सारखीच दिसतात म्हणे."

हे 'सारखीच दिसतात' वाक्य आम्हाला महत्त्वाचं वाटतं. देवळं सारखी नसतात. पण एका दिवसात पाच बघितली की सारखी दिसायला लागतात. दोष देवळांचा नाही, बघण्याच्या रीतीचा आहे. आणि ही रीत आपण जपानला जाऊन शिकत नाही, ती घरूनच घेऊन जातो. म्हणून आधी घराजवळचं बघू.

आपण बसलोय कुठे, ते ध्यानात घ्या. पश्चिमेला थेऊर, दक्षिणेला मोरगाव, पूर्वेला भीमेपलीकडे सिद्धटेक, उत्तरेला रांजणगाव. चौफुल्याला उभं राहिलं की एक रस्ता सुप्यावरून मोरगावला जातो, दुसरा न्हावऱ्यावरून शिरूर-रांजणगावच्या बाजूला. म्हणजे आठातले चार गणपती आपल्या चारी अंगांना आहेत. आपल्या रस्त्यावरून अष्टविनायकाच्या गाड्या बारमाही धावतात. दोन दिवस, एक मुक्काम, आठ देवळं. १९७९ साली 'अष्टविनायक' चित्रपट आला आणि त्याच्या गाण्यातून आठही स्थानं घरोघरी तोंडपाठ झाली. यादी पाठ झाली, की माणूस यादीप्रमाणे चालतो.

इथे एक खुलासा केलाच पाहिजे. आमची टीका भक्तीवर नाही. ज्याने यात्रा बोलली आहे त्याच्यासाठी आठ हा आकडाच महत्त्वाचा. मोरगावहून निघायचं आणि आठ पुरे करून पुन्हा मोरगावला यायचं, हा नेम आहे. नेमात निवडीला जागा नसते आणि असूही नये. नवस फेडायला आलेल्या बाईला 'थेऊरचं लाकडी काम बघितलंत का?' असं विचारणारा माणूस अडाणी म्हणावा लागेल.

आमचा प्रश्न त्याच गाडीतल्या दुसऱ्या प्रवाशाचा आहे. तो म्हणतो, "आम्ही काही फार देवभोळे नाही हो, फिरायला आलोय." त्याने नेम धरलेला नाही, मग यादी मात्र नेमाचीच का धरली? तो रांगेत दोन तास उभा राहतो, गाभाऱ्यासमोर दोन सेकंद थांबतो, बाहेर येऊन फोटो काढतो आणि गाडीत बसतो. त्याला ना दर्शन घडलं, ना देऊळ बघून झालं. दर्शन आणि पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींना आपापली प्रतिष्ठा आहे. दोन्हींची सरमिसळ झाली की हाती काही लागत नाही.

लेण्याद्रीचं उदाहरण घ्या. जुन्नरजवळच्या त्या डोंगरात तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आपण गिरिजात्मजाला जातो. आठातला हा एकटाच डोंगरातल्या लेण्यात आहे. ते लेणं मुळात बौद्ध विहार, क्रमांक सात. भिंतीला लागून भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या अजून आहेत. आणि अगदी शेजारी, क्रमांक सहाचं लेणं म्हणजे चैत्यगृह. खांब आहेत, खांबांच्या माथ्यावर प्राणी आहेत, आत दगडात कोरलेला स्तूप आहे. वर चढणारे सगळे पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढूनच येतात. म्हणजे त्या चैत्यगृहाचेही पैसे त्यांनी भरलेले असतात. तरी किती जण चार पावलं बाजूला जातात? 'आमच्या यादीत सातच नंबर होता' असं कुणी म्हणत नाही, पण पाय तेच सांगतात. यादीची सत्ता ही अशी असते. ती काय बघा हे सांगते आणि न सांगता काय बघू नका हेही सांगून जाते.

आता यादीबाहेरचं एक देऊळ. यवतच्या बाजूने डोंगरावर चढलं की माळशिरसच्या हद्दीत भुलेश्वर. तालुका पुरंदर, पण पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या आपल्या सगळ्यांना ते आपलंच. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तिथे गर्दी असते. पिंडीखाली ठेवलेल्या पेढ्यांतला एखादा नाहीसा होतो, या समजुतीमुळेही लोक येतात. त्याबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. आम्हाला म्हणायचंय ते आत शिरण्याबद्दल.

बाहेरून बघाल तर चुना दिलेले घुमट आणि मिनारासारखे उभे भाग दिसतात. ते नंतरच्या काळाचे. सतराव्या शतकात आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने याच डोंगरावर दौलतमंगळ किल्ला बांधला. आत काय आहे याचा बाहेरून काही पत्ता लागत नाही. दारातून शिरलं की समोर भिंत. बाजूच्या अरुंद, अंधाऱ्या पायऱ्यांनी वर जायचं, आणि मग एकदम यादवकाळचं काळ्या दगडाचं कोरीव देऊळ समोर येतं. भिंतीभर रामायण-महाभारतातले प्रसंग, शरपंजरी पडलेले भीष्म. कितीतरी मूर्तींचे हात आणि चेहरे फोडलेले आहेत. आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर मान वर करून शोधलीत तर सापडेल ती वैनायकी, म्हणजे गणपतीचं स्त्रीरूप. तोंड हत्तीचं, देह बाईचा.

आता गंमत बघा. आठ गणपतींसाठी आपण दोन दिवस गाडीत बसतो, आणि गणपतीचं जे रूप त्या आठांत कुठेच नाही ते केडगावपासून तासाभराच्या आत आहे. तिथे रांग नाही. तिथे पाहिजे फक्त वेळ. डोळे अंधाराला सरावायला वेळ, मूर्ती ओळखायला वेळ. हे आमचं पहिलं माप. *जे तिथे उभं राहिल्याशिवाय बघता येत नाही आणि ज्याला वेळ द्यावा लागतो, ते बघण्याजोगं.* ज्याचं सगळं सार एका फोटोत मावतं, त्याच्यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही. फोटो आधीच काढून झालेला आहे.

गणपतीचाच धागा धरून आता जपानला जाऊ. गणपती जपानमध्येही आहे. बौद्ध तंत्रमार्गाबरोबर चीनमार्गे तो तिकडे गेला. त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात. तोक्योत, सेन्सोजीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मात्सुचियामा शोदेन नावाचं त्याचं देऊळ आहे. तिथे मोदकाऐवजी मुळा वाहतात. आपल्याकडच्या पांढऱ्या मुळ्यापेक्षा तो बराच जाड असतो. सहलीच्या पत्रिकेवर हे देऊळ सहसा नसतं. आणि तिथे गेलात तरी मूर्ती दिसणार नाही, कारण कांगितेनची मूर्ती झाकलेली असते. पुष्कळदा ती आलिंगन देणाऱ्या दोन गजमुखी देहांची असते, आणि ती दाखवायची नाही असा रिवाज आहे. आपल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. गणपती, आणि तो झाकून ठेवायचा?

पण जपानमध्ये अशा झाकलेल्या मूर्तींची मोठी परंपरा आहे. त्यांना हिबुत्सु म्हणतात. नागानोच्या झेन्कोजीतली मुख्य मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत, तिच्यापुढे असलेली प्रतिमूर्ती तेवढी ठरावीक वर्षांनी दाखवतात. सेन्सोजीची मुख्य कान्नोनमूर्तीसुद्धा झाकलेलीच. म्हणजे तोक्योतलं सगळ्यात गजबजलेलं देऊळ असं आहे, जिथे मुख्य 'बघायची' गोष्ट कुणी बघत नाही. वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने १९३०च्या दशकात एका गाजलेल्या निबंधात कलावस्तूची दोन मूल्यं वेगळी केली होती, एक उपासनेचं आणि एक प्रदर्शनाचं. उपासनेतल्या मूर्तीला कुणी बघितलं नाही तरी चालतं, तिचं असणं पुरेसं असतं. प्रदर्शनातल्या वस्तूला बघणारा लागतोच. पर्यटक दुसऱ्या मूल्याच्या शोधात पहिल्या मूल्याच्या घरात शिरतो, ही त्याची खरी अडचण.

या अडचणीवर जपानी भाषेत एक शब्द आहे, 'हाइकान'. आदराने, नमस्काराच्या भावाने बघणं. देवळात शिरताना आपण जे पैसे भरतो ते हाइकानचे. आपला 'दर्शन' शब्द याच्या फार जवळचा आहे. आणि या शब्दाच्या अर्थावरून तिथे मोठं भांडण झालेलं आहे. १९८५ साली क्योतो महानगरपालिकेने नामांकित देवळांना भेट देणाऱ्यांवर माणशी थोडा कर बसवला, जुन्या राजधानीच्या जतनासाठी. देवळांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, आत येणारा माणूस धार्मिक कृत्यासाठी येतो, त्यावर कर कसा लावता? कित्येक प्रसिद्ध देवळांनी पर्यटकांना दारं बंद केली. शेवटी १९८८ मध्ये तो कर मागे घेतला गेला. पालिकेचं म्हणणं, येतो तो पर्यटक. देवळांचं म्हणणं, येतो तो भाविक. येणाऱ्याला मात्र आपण कोण ते ठाऊक होतं का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. तो आपण स्वतःला विचारायचा असतो, तिकीट काढण्याआधी.

क्योतोच्याच साइहोजीने त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. शेवाळाच्या बागेसाठी हे देऊळ जगप्रसिद्ध आहे. १९७७ पासून तिथे आधी अर्ज केल्याशिवाय प्रवेश नाही, आणि आलेल्याने सूत्र लिहिण्यासारखं काहीतरी उपासनेचं काम करायचं, मग बाग बघायची. म्हणजे बघण्याची किंमत पैशाबरोबर वेळातही मोजायची. ज्यांना घाई आहे ते आपोआप गळतात. आम्हाला हे योग्य वाटतं.

आता दुसरं माप, जुनेपणाचं. आपले सुशिक्षित लोक विचारतात, "ओरिजिनल आहे का?" किंकाकुजी, ते सोन्याचा मुलामा दिलेलं देऊळ, १९५० साली एका तरुण भिक्षूने जाळलं. आज दिसतं ते १९५५ चं. सेन्सोजीचं मुख्य मंदिर १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. आजचं १९५८ चं, काँक्रीटचं. मग ही खोटी का? घाई करू नका. इसेचं शिंतो देवस्थान तर दर वीस वर्षांनी मुद्दाम शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. मागची बांधणी २०१३ ची, पुढची २०३३ ला. तिथे लाकूड नवं असतं आणि विद्या जुनी. सुताराचा हात एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जातो. १९९४ मध्ये नारा शहरात वारशाच्या अस्सलपणावर जागतिक परिषद झाली. अस्सलपणा फक्त सामग्रीवरून ठरवता येत नाही, प्रत्येक संस्कृतीच्या आपल्या मापानेही तो बघावा लागतो, हे तिच्या दस्तऐवजात मान्य झालं.

हे ऐकून आपल्याकडचे जीर्णोद्धारवाले खूश होतील. "बघा, जपानी लोकसुद्धा नवं बांधतात!" थांबा जरा. इसेत नवं बांधतात ते जुन्या हाताने, जुन्या रीतीने. आपल्याकडे गावोगावी काय होतं? काळ्या दगडाच्या भिंतीला ऑइलपेंट. गाभाऱ्यात बाथरूमची वाटावी अशी फरशी. वीरगळ उचलून पायरीला. शिखर पाडून सिमेंटचं, त्याला भडक रंग. इथे सामग्रीही गेली आणि विद्याही गेली. म्हणून आमचं दुसरं माप असं. *देऊळ जुनं आहे की नवं हे विचारू नका. जे आहे ते काय आहे, हे तिथे खरं सांगितलेलं आहे का, आणि त्यात कुणाची तरी विद्या जिवंत आहे का, हे विचारा.* किंकाकुजी १९५५ चं आहे हे कुणी लपवत नाही. आपल्याकडे मात्र काल ओतलेल्या काँक्रीटवर 'प्राचीन' अशी पाटी लागते.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. लोक जिकडे जातात तिकडे पैसा जातो. यादीतल्या देवळांपुढे दुकानं, वाहनतळ, भक्तनिवास होतात. यादीबाहेरच्या देवळाचं गाव विचार करतं, आपलंही असंच चकाचक केलं तर लोक येतील. मग रंगाचा डबा येतो. म्हणजे आम्ही-तुम्ही कुठे जातो आणि कुठे जात नाही, यावर आठशे वर्षांच्या दगडाचं भवितव्य ठरतं. निवड खासगी वाटते, परिणाम सार्वजनिक असतो.

तिसरं माप सांगायला मात्र आम्हाला केडगावचंच माणूस लागतं, पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे घरादारासह तीर्थाहून तीर्थाला पायी फिरत, देवळांतून पुराण सांगत. या देशातली किती देवळं रमाबाईंनी लहानपणी बघितली असतील! पण यात्रेकरूसारखी नव्हे आणि पर्यटकासारखी तर नव्हेच. पायरीवर बसून, पुराण सांगून, मिळेल त्यावर गुजराण करत. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले. पुढे त्या इंग्लंड-अमेरिकेला गेल्या. १८८८ च्या अखेरीस अमेरिकेहून परत येताना वाटेत जपानला थांबल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. शेवटी इथे केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं आणि १९२२ मध्ये इथेच त्यांचा अंत झाला. आपल्या गावाचा जपानशी संबंध सहल कंपन्यांच्या फार आधीचा आहे, तो असा.

रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल कुणाचं मत काहीही असो. त्यांच्या आयुष्यातून बघणाऱ्याने एक गोष्ट घ्यावी. देऊळ म्हणजे फक्त गाभारा आणि शिखर नाही. पायरीवर कोण बसलंय, आत कुणाला घेतलं आणि कुणाला घेतलं नाही, हाही देवळाचाच भाग आहे. पंढरपूरच्या मंदिराची दारं दलितांना उघडावीत म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० मध्ये सत्याग्रह सुरू झाला. काळाराम बघायला जाणाऱ्याने काळ्या दगडाचं कोरीवकाम बघावं, पण ज्या दारापाशी माणसांना अडवलं ते दारही बघावं. *देवळाला माणसांचा इतिहास असतो. तो वगळून फक्त कला बघणारा अर्धंच देऊळ बघतो.* हे तिसरं माप.

"पण एवढं सगळं करायला सहलीत वेळ कुठे असतो?" हा आक्षेप अगदी रास्त आहे. आमचं उत्तर सोपं आहे. संख्या कमी करा. पाच देवळांऐवजी दोन. जपानला जाणाऱ्याने क्योतोत सान्जुसान्गेन्दो नक्की बघावं. सुमारे १२० मीटर लांबीचा लाकडी मंडप, आजची वास्तू १२६६ सालची, आत कान्नोनच्या १००१ मूर्ती. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, ज्याच्या नावातच अवलोकन आहे. वेरूळला आणि औरंगाबादच्या लेण्यांत त्याला भेटून मग तिकडे जा, म्हणजे ओळख पटेल. पुढच्या रांगेत इंद्र, ब्रह्मा आणि गरुड जपानी होऊन उभे आहेत. आत फोटो काढू देत नाहीत, हे उत्तमच. दुसरं, नाराजवळचं होर्युजी. लाकडी इमारतींमध्ये जगात त्याच्याइतकं जुनं टिकलेलं दुसरं नाही. किंकाकुजी राहिलं तर राहू द्या. ते तळ्याकाठी जसं फोटोत दिसतं तसंच प्रत्यक्ष दिसतं.

आणि ज्यांना जपानला जाणं जमणार नाही, त्यांनी हिरमुसू नये. मुंबईत वरळीला निप्पोनझान म्योहोजी पंथाचं जपानी बौद्ध मंदिर आहे. तिथे ढोल वाजवून मंत्र म्हणतात. नागपूरजवळ कामठीला जपानी साहाय्यातून १९९९ मध्ये उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस मंदिर आहे. क्योतोची देवळं क्रमाने सांगणारे कितीतरी मुंबईकर वरळीच्या दारातून आत गेलेले नसतात.

आपल्या जवळचं म्हणाल, तर आमची निवड ही. सिद्धटेकला जा, पण रांगेपुरतं नको. टेकडीला वळसा घालून पूर्ण प्रदक्षिणा करा आणि भीमा बघा. उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं की पळसदेवला जा. धरणाच्या पाण्यातून वर येणारं पळसनाथाचं जुनं देऊळ बघा, आणि ते बघताना बुडालेल्या गावठाणाची आठवण ठेवा. लेण्याद्रीला गेलात तर चार पावलं बाजूला टाका. भुलेश्वरला श्रावण सोडून एखाद्या साध्या वारी जा, उजेड तिरका असताना. जाण्याआधी तास-दोन तास वाचा. आणि कुठेही जा, परत आल्यावर स्वतःला विचारा, जे फोटोत आलं नाही असं मी काय बघितलं? उत्तर एका वाक्यात देता आलं, तर ते देऊळ बघण्याजोगं होतं आणि तुम्ही ते बघितलंत. नाही देता आलं, तर देवळाला नाव ठेवण्याआधी आपण तिथे किती वेळ होतो, ते आठवा.

प्रश्नोत्तरांत भुलेश्वरच्या वाटेबद्दल कुणी विचारणार असेल, तर आधीच सांगून ठेवतो. शेवटचा चढ वळणांचा आहे, गाडी सावकाश घ्या. घाई इथेही उपयोगाची नाही.